बाजेचं चित्र

या अंकाच्या संपादकांनी मला दिलेला विषय असा होता: घरात ज्यांच्या सोबतीनं राहायला आवडतं अशी चित्रं, आणि ती तुम्ही कशी जमवली. मी फोनवरच हो म्हणालो. हो म्हणताना माझी छाती जरा पुढं आली होती, हे माझ्या बायकोनं, शोभानं पाहिलं आणि नंतर दोनतीनदा बोलूनही दाखवलं. वाशीममध्ये जन्मभर फोटोफ्रेमचं दुकान चालवलेल्या माणसाला कुणी 'संग्राहक' म्हणावं, हे काही रोज होत नाही. तो लेख मी मनातल्या मनात लिहूनही टाकला होता. मध्यंतरी एक बाई घरी येऊन गेल्या आणि तो लेख लिहायचं तोंड मला राहिलं नाही. हा दुसरा आहे.

आधी धंद्याविषयी सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

फ्रेमच्या दुकानात लग्नाचे फोटो येतात, देवांचे येतात, सत्काराची मानपत्रं येतात. पण दुकान चालतं ते गेलेल्या माणसांवर. घरातलं कुणी वारलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघं-तिघं पुरुष दुकानात येतात. कुणाची तेरवी असते, बौद्ध घर असेल तर पुण्यानुमोदन असतं. दोन्हीकडं हार घालायला मोठा फोटो लागतो, आणि फोटो मात्र घरात नसतो. मग आधार कार्डावरचा मोठा करतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून आजोबा बाजूला काढतात. अशा फोटोत आजोबांच्या खांद्यावर शेजारच्याचा हात तसाच राहून जातो. वाशीमच्या कितीतरी भिंतींवर असे बिनमाणसाचे हात आहेत, आणि ते मीच तिथं पाठवले आहेत.

येताना ही माणसं घरातली एखादी जुनी फ्रेम घेऊन येतात. "काच चांगली हाय भाऊ, याच्यातच बसवून द्या." त्यात काही गैर नाही. पण त्या फ्रेममध्ये आधीपासून कुणीतरी राहत असतं. मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटायच्या, पुठ्ठा काढायचा, आणि आतलं चित्र बाहेर घेऊन माणसाला जागा करून द्यायची, हे माझं काम. बाहेर आलेलं चित्र मी नेहमी पुढं करायचो. "हे नेता ना?" लोक त्याच्याकडं बघायचेही नाहीत. घरात माणूस गेलेला, दहा कामं डोक्यावर. "राहू द्या तुमालेच."

माझा संग्रह म्हणतात तो हा. मी एकही चित्र विकत घेतलं नाही की चोरलं नाही. प्रत्येक चित्र कुणाच्या तरी मरणानं बेघर झालं आणि माझ्याकडं आलं. कोणतं चित्र कुणाच्या वडलांनी उठवलं, कोणतं कुणाच्या सासूनं, हे मला अजून सांगता येतं.

गिऱ्हाइकांच्या गमती तर पुष्कळ. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडचे एक म्हातारे स्वतःचाच फोटो घेऊन आले. सोबत पिशवीत झेंडूचा हार. फ्रेम झाल्यावर तो हार घालून लांबून, जवळून बघितला आणि म्हणाले, "पोरायचा भरोसा नाही, मी गेल्यावर कायले बी बसवतीन." पुढं ते बरीच वर्षं जगले. फोटो धान्याच्या कोठीमागं होता, असं त्यांचा मुलगा सांगायचा. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे वेगळे राहणारे दोघे भाऊ. बापाचा फोटो आपल्या घरी मोठा हवा, भावाच्या घरी आहे त्याच्याहून मोठा, असं दोघांचंही म्हणणं. एकानं साइज वाढवली की दुसरा येऊन आणखी वाढवून जायचा. शेवटी त्यांची आई दुकानात आली, दोन्ही फ्रेमी पाहिल्या आणि म्हणाली, "एवढा मोठा नव्हता रे तुमचा बाप."

आता कापण्याबद्दल. लोकांना वाटतं, फ्रेमवाला लाकूड कापतो. लाकडाच्या फ्रेमी पुष्कळदा ठरलेल्या मापाच्या तयारच असतात. कापतो तो कागद. फ्रेम मोठी करायला लाकडाची पट्टी लागते, वेळ लागतो. कागद लहान करायला फक्त हात लागतो. मग कुणाच्या चपला जातात, कुणाच्या डोक्यावरचं आभाळ जातं, कडेला उभा असलेला चुलता जातो. कुणी तक्रार करत नाही, कारण फ्रेममध्ये बसलेली गोष्ट माणसाला पूर्ण वाटते. आणि आत फोटो ढिला बसत असेल तर मागं कापलेल्या कागदांच्या पट्ट्या दाबून भरायच्या, म्हणजे हलत नाही. माझा हात सरळ चालतो असा गावात लौकिक होता. फक्त एक खोड होती. डावा कोपरा यायच्या जरा आधी मी पातं उचलायचो आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं कापायचो. तिथं केसाएवढी पायरी पडायची. ती माझ्याशिवाय कुणाला दिसत नसे.

घरातल्या चित्रांकडं येतो. बैठकीत शिरल्या शिरल्या एक जहाज आहे, वादळात सापडलेलं. ते एका संत्राबागायतदाराच्या घरून आलं. त्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच्या शेजारी काचमण्यांचा पोपट आहे, कुण्या नव्या सुनेनं माहेरून आणलेला, तीच सून सासू होऊन वारली तेव्हा तिच्या फोटोसाठी बाहेर निघालेला. गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणाऱ्या एका पेंटरनं पत्र्यावर काढलेली गाय आहे. तिला पाच पाय आहेत. एक पाय आवडला नाही म्हणून त्यानं दुसरा काढला आणि पहिला पुसायचं राहून गेलं. ती गाय मला फार आवडते. शोभाला ती आवडत नाही. सणाला पाहुणे आले की ती गायीला आतल्या खोलीत नेऊन ठेवते.

पण जीव सगळ्यात जास्त होता तो बाजेच्या चित्रावर. जाड ड्रॉइंग कागदावर पोस्टर कलरनं काढलेलं. सारवलेलं अंगण, मागं कुडाची भिंत, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि समोर सुतळीनं विणलेली रिकामी बाज. आकाश निळं नाही, हिरवट आहे. आपल्याकडं चैत्रात उन्हं उतरायला लागली की घटकाभर तसा हिरवा उजेड पडतो, आणि तो कुणी चित्रात काढलेला मी दुसरीकडं पाहिला नाही. हे चित्र किन्हीराजा गावातल्या एका घरचं, एवढंच मला माहीत होतं. वडील गेले म्हणून एक तरुण फ्रेम घेऊन आला होता आणि चित्र माझ्याकडं राहिलं. ते मी सागवानी फ्रेममध्ये बसवून चहा पितो त्या खुर्चीसमोर लावलं. सकाळचा चहा आपण त्या अंगणात बसून पितो, असं मी लोकांना सांगायचो.

सांगायचो म्हणजे काय, ऐकवायचो. विशेषतः एक गोष्ट. त्या बाजेचे पाय चित्रात नव्हते. चित्राची खालची कड बाजेच्या आडव्या पाट्यांखालीच येऊन थांबलेली, त्यामुळं बाज अगदी जवळ, हात लावता येईल इतकी पुढं वाटते. "बघा," मी म्हणायचो, "साधा माणूस असता तर त्यानं चारही पाय काढले असते आणि बाज दूर गेली असती. यानं कुठं थांबायचं ते ओळखलं. याला नजर म्हणतात." हे मी पाहुण्यांना ऐकवलं, जावयाला ऐकवलं, आणि दुकान बंद केल्यावर गावातले एक मास्तर विद्यार्थी घेऊन चित्रं बघायला आले तेव्हा त्या पोरांनाही ऐकवलं. त्या मास्तरांनी भिंतींचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. तिथून ते फिरत फिरत संपादकांकडं गेले, आणि जवळच्या शिरपूरलाही गेले.

शिरपूरहून वंदनाताई आल्या. दुपारची वेळ होती. दवाखान्यात नर्स आहे, मोबाइलवर तुमची चित्रं पाहिली, प्रत्यक्ष बघायची होती, एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, रसिक आहेत. मी जहाजापासून सुरुवात केली. त्या हो, हो म्हणत पुढं सरकत होत्या. पोपटाकडं त्यांनी धड पाहिलंही नाही. बाजेपाशी आल्या आणि थांबल्या. मला तेच हवं होतं. मी माझं ठरलेलं सगळं सांगितलं. हिरवा उजेड सांगितला, कुठं थांबायचं ते सांगितलं, नजर सांगितली.

"काका," त्या म्हणाल्या, "बाजीले पाय होते."

"असणारच," मी हसून म्हणालो. "पण चित्रकारानं ते मुद्दाम काढले नाहीत. तीच तर गंमत आहे."

"काढले होते. माह्या बाबानं काढलं हे चित्र. चारी पाय होते, आन् पायाच्या मधात मी बसेल होती. लाल फराक घालून."

मी म्हणालो, तुमची आठवण चुकत असेल. मी असं म्हणालो हे लिहितानाही हात अवघडतो. त्यांच्या वडलांनी काढलेलं चित्र, त्यांच्या अंगणातली बाज, आणि मी त्यांना सांगतो आहे की तुम्ही त्यात नव्हता. त्या वाद घालत बसल्या नाहीत. "खोलून पाहा ना मंग," एवढंच म्हणाल्या.

मी फ्रेम भिंतीवरून उतरवली. चुका उपटल्या, पुठ्ठा काढला, चित्र उलटं करून मांडीवर घेतलं. वरची कड कागदाची स्वतःची होती, जरा पिवळी आणि मऊ पडलेली. खालची कड पात्यानं कापलेली होती. आणि डाव्या कोपऱ्याच्या अलीकडं केसाएवढी पायरी.

मग हळूहळू आठवलं. त्या सागवानी फ्रेमला चित्र चार बोटं मोठं होत होतं. खाली मध्यभागी काहीतरी लाल होतं. रंग सांडला असावा असं मला वाटलं, आणि तेवढं काढलं तर चित्र स्वच्छ होईल असंही वाटलं. आखायची पट्टी ठेवली आणि कापलं. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं, म्हणून लक्षातही राहिलं नाही. नंतर त्या चित्राच्या प्रेमात पडलो आणि माझ्याच पात्याची करामत त्या माणसाची नजर म्हणून गावभर सांगत फिरलो. वंदनाताई समोर बसल्या होत्या आणि मला मान वर करता येईना.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील शाळेत शिपाई होते. वर्ष संपलं की तळाला वाळलेल्या रंगांच्या बाटल्या त्यांना मिळायच्या. त्यात पाणी घालून ते चित्रं काढायचे. बाकीची पावसापाण्यात गेली, हे एक फ्रेममध्ये होतं म्हणून राहिलं. वडील वारले तेव्हा वंदनाताई शिकायला बाहेर होत्या. त्या घरी पोचेपर्यंत भावानं फोटो करून आणला होता. चित्र विचारलं तर तो म्हणाला, फ्रेमवाल्याकडं राहिलं. त्यांना वाटलं, फेकलं असेल.

"तवा आमच्या घरी फोटो कोन काढे, काका? माह्या लहानपनचा एक फोटो नाही. आई म्हणते, तू त्या चित्रात हाय, ते पाहाचं हाय मले. मोबाइलवर दिसलं तं तिले म्हटलं, घेऊन येतो."

शोभा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मग आत्ताच द्या की काढून," ती मला म्हणाली. मी म्हणालो, असं उघडं कसं देऊ, दोन-चार दिवसांत नीट करून स्वतः किन्हीराजाला आईंकडं घेऊन येतो. हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की एवढं होऊनही ते चित्र हातून सोडवत नव्हतं, आणि शोभाला ते दिसत होतं. वंदनाताई ठीक हाय म्हणाल्या, चहा पिऊन गेल्या.

मी रफीकभाईकडं गेलो. रफीकभाई आमचा जुना पेंटर, आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फ्लेक्स आल्यापासून शाळांच्या भिंती रंगवतो. त्याला म्हटलं, खाली चार बोटं कागद जोडतो, त्यावर बाजेचे पाय आणि लाल फ्रॉकातली एक पोरगी काढून दे, रंग जुना दिसला पाहिजे.

"पोरगी कशी होती?" रफीकभाईनं विचारलं.

"लाल फ्रॉकातली."

"ते समजलं. बसेल कशी होती? मांडी घालून का उकिडी? केस कसे? इकडं पाहून राह्यली होती का तिकडं?"

"माहीत नाही."

"तुमी पाह्यली नाही का?"

"पाहिलीच असेल. कापली म्हणजे पाहिलीच असणार."

रफीकभाईनं चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मला परत दिलं. "ज्यानं पाह्यली त्याले याद नाही, आन् ज्यानं पाह्यलीच नाही त्यानं काढाची का भाऊ? हे आपल्याच्यानं होत नाही." माझ्या कामाची मला तेव्हा पुन्हा लाज वाटली. चूक झाकायला मी आणखी एक खोटी पोरगी करवून घ्यायला निघालो होतो.

एकच आशा उरली होती. मघाशी सांगितलं तसं, कापलेल्या पट्ट्या मी दुसऱ्या फ्रेमींच्या मागं भरायचो. वंदनाताईंच्या वडलांचा फोटो जुन्या फ्रेममध्ये बसवला तोही त्याच सुमारास. ती चार बोटांची पट्टी त्याच फ्रेमच्या पाठीत असू शकत होती. वंदनाताईंना फोन करून येतो म्हटलं, चित्र कापडात गुंडाळलं आणि बसनं मालेगावमार्गे किन्हीराजाला निघालो. सगळ्या रस्त्यानं मला ती पट्टीच दिसत होती. ती सापडली तर मी कोणत्या तोंडानं ती पुढं करीन आणि त्या काय म्हणतील, इथवर मी जाऊन आलो होतो. लाज लवकर फिटावी म्हणून माणूस काय काय कल्पना करतो.

घर आता सिमेंटचं आहे, अंगणात फरशी आहे. वंदनाताई शिरपूरहून आल्या होत्या. त्यांची आई पलंगावर बसलेली. मी जयभीम घातला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली वडलांचा फोटो, माझ्याच हातचा. मी म्हटलं, बाई, हा जरा उतरवून मागून उघडून बघू का. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मी पलंगावर फोटो पालथा ठेवला. मागं माझ्या दुकानाची चिकटपट्टी, माझ्याच चुका. एक एक उपटली. पुठ्ठा उचलला. आत वर्तमानपत्राच्या घड्या होत्या आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा. मी घड्या उलगडून बघितल्या, परत बघितल्या. लाल काही नव्हतं. मी काय शोधतो आहे ते वंदनाताईंच्या केव्हाच लक्षात आलं होतं. त्या माझ्या हातांकडं बघत होत्या, आणि मग त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

मी कापड सोडून चित्र आईंच्या मांडीवर दिलं. आईंनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. सायकलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे शायेतल्या सायबाची. धुवाले आनत होते घरी." मग बोट खाली सरकलं आणि कडेला येऊन थांबलं.

"बाजीचे पाय कोनं कापले?"

वंदनाताई सांगू शकल्या असत्या, पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं.

"मी, बाई."

"काहून?"

"फ्रेम लहान होती."

जन्मभराच्या कामाचा हिशेब द्यायची वेळ आली आणि माझ्याकडं एवढंच उत्तर निघालं. त्या घरात तोंड लपवायला जागा असती तर मी लपवलं असतं. आईंनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "याच्यातच बसवा मंग. हे याचीच फ्रेम हाय."

मी वडलांचा फोटो बाजूला ठेवला आणि त्या जुन्या फ्रेममध्ये चित्र बसवलं. आयुष्यभर चित्र काढून माणूस बसवला, माणूस काढून चित्र बसवायची ही पहिलीच वेळ. वरून, दोन्ही बाजूंनी बरोबर बसलं. खाली चार बोटं कमी पडलं. तिथं नुसता तपकिरी पुठ्ठा दिसत होता. मी ते तसंच उचलून आईंसमोर धरलं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

आईंनी त्या रिकाम्या पुठ्ठ्यावर, मधोमध, काचेवरून हात फिरवला.

"अठीच होती हे," त्या लेकीला म्हणाल्या. "तवा बी बाजीखालून निंघतच नव्हती तू. ये म्हटलं की अजून मांगं सरके."

वंदनाताई हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मला त्या हसण्यात सामील होता आलं नाही. म्हातारीनं मला वाचवलं होतं, आणि ज्याचं आपण नुकसान केलं त्यानंच आपल्याला वाचवावं, याच्यासारखी शरम दुसरी नसते.

चित्र भिंतीवर चढलं, फोटोच्या खिळ्याला. वडील पलंगावर उघडे पडले होते, नुसता कागद. आई म्हणाल्या, याले नवी करून आना. मी खिशातली टेप काढली, जन्मभराच्या सवयीनं फोटोला लावली आणि तितक्याच सवयीनं विचारलं, "कोणत्या साइजची करू, बाई? बारा-अठरा का दहा-बारा?"

"तो जेवढा हाय तेवढी करजा, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याचं काही कापू नोका."